अनंत मितींत टोपोलॉजीला सगळे अवकाश सारखेच दिसतात, मग फरक उरतो कुठे?

अवधूत_ताळगाव

फंक्शनल अ‍ॅनालिसिसच्या पेपरात मुलं हान-बानाख, ओपन मॅपिंग वगैरे प्रमेयं लिहून पास होतात. पण ही प्रमेयं ज्या अवकाशांबद्दल आहेत ते आतून कसे असतात, हे बहुतेकांना कुणी दाखवलेलंच नसतं. पणजीतल्या आमच्या अभ्यासगटात सध्या हा विषय चालू आहे, म्हणून इथेही मांडतो. ज्यांना रस आहे त्यांनी भर घालावी.

आधी ओळखीच्या मर्यादित मिती घ्या. तिथे मिती ठरली की जवळजवळ सगळं ठरलं. त्रिमितीय अवकाशावर कुठलाही नॉर्म, म्हणजे सदिशाची लांबी मोजायची पद्धत, घाला. एकक गोळ्याचा (लांबी १ पर्यंतच्या बिंदूंच्या संचाचा) ठोकळा होईल नाहीतर अष्टफलक होईल, पण रेषीय रचना तीच आणि टोपोलॉजीही तीच. मिती वेगळी असली तर टोपोलॉजी ते लगेच ओळखते. प्रतल आणि त्रिमितीय अवकाश होमिओमॉर्फिक नाहीत, म्हणजे दोन्ही दिशांना संतत अशा फंक्शनने ते एकास एक जुळत नाहीत, हे ब्राउवर यांनी १९११ मध्ये सिद्ध केलं.

अनंतात बरोबर उलटं होतं. १९६० च्या दशकात मिखाईल कादेत्स यांनी दाखवलं की कुठलेही दोन सेपरेबल (गणनीय दाट संच असलेले) अनंतमितीय बानाख अवकाश (नॉर्म असलेले, पूर्ण अवकाश) घ्या, ते एकमेकांशी होमिओमॉर्फिक असतात. त्याच सुमारास, १९६६ मध्ये, अँडरसन यांनी दाखवलं की हिल्बर्टचा एल-२ हा अवकाश आणि वास्तव रेषेचा गणनीय अनंत वेळा घेतलेला गुणाकार हेही होमिओमॉर्फिक आहेत. १९८१ मध्ये तोरुंचिक यांनी सेपरेबल ही अटही काढून टाकली. आता फक्त एवढंच बघायचं, की अवकाशात दाट पसरलेला सर्वांत लहान संच केवढा आहे. ती एक संख्या जुळली की दोन्ही अवकाश टोपोलॉजीला एकच.

हे ऐकून पटत नाही, म्हणून एक उदाहरण हाताने करून बघा. एल-१ मध्ये अशा क्रमिका आहेत ज्यांच्या पदांच्या केवल मूल्यांची बेरीज सांत आहे. एल-२ मध्ये वर्गांची बेरीज सांत आहे. एल-१ मधली क्रमिका घ्या, प्रत्येक पदाचं चिन्ह तसंच ठेवा आणि केवल मूल्याचं वर्गमूळ घ्या. झालं, तुम्ही एल-२ मध्ये पोचलात, कारण वर्गमुळांच्या वर्गांची बेरीज म्हणजे मूळचीच बेरीज. उलट येताना चिन्ह राखून वर्ग करायचा. दोन्ही दिशांना हे फंक्शन संतत आहे. माझुर यांनी हे १९२९ मध्ये दिलं. मात्र ते रेषीय नाही, आणि एल-१ व एल-२ यांच्यात दोन्हीकडून संतत असा रेषीय पूल बांधता येतच नाही.

माझं म्हणणं असं: अनंत मितींत टोपोलॉजी फरक करू शकत नाही, म्हणून फरकाचा सगळा भार भूमितीवर आणि रेषीय रचनेवर येतो. आणि या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, एकक गोळ्याचा कॉम्पॅक्टपणा गेला, म्हणजे त्यातल्या प्रत्येक क्रमिकेतून आतच अभिसरण पावणारी उपक्रमिका मिळेल ही हमी गेली. रीस यांनी १९१८ मध्येच सांगून ठेवलंय: नॉर्म असलेल्या अवकाशाचा बंदिस्त एकक गोळा कॉम्पॅक्ट असतो तो फक्त मिती सांत असेल तेव्हाच.

म्हापशाची_मुग्धा

अवधूतसर, रीसचं प्रमेय आम्हाला परीक्षेला होतं. एल-२ मध्ये पहिल्या जागी १ बाकी शून्य, दुसऱ्या जागी १ बाकी शून्य, असे सदिश घ्यायचे. कुठल्याही दोघांतलं अंतर √२, म्हणून अभिसरण पावणारी उपक्रमिका मिळत नाही. एवढं लिहिलं की पूर्ण गुण. पण त्याने नुकसान नक्की काय होतं, हे माझ्या मनात कधी बसलं नाही. गोळा कॉम्पॅक्ट नसला तर नसला, त्यात एवढं काय?

अवधूत_ताळगाव

मुग्धा, प्रश्न अगदी मुळावरचा आहे. नुकसान म्हणजे काय ते एका फंक्शनमध्ये दाखवतो. काकुतानी यांचं हे उदाहरण १९४३ चं आहे आणि माझ्या मते एमएस्सीच्या प्रत्येक वर्गात फळ्यावर यायला हवं.

मर्यादित मितींत ब्राउवरचं स्थिरबिंदू प्रमेय आहे: बंदिस्त गोळ्याचं स्वतःतच जाणारं कुठलंही संतत फंक्शन किमान एक बिंदू जागच्या जागी ठेवतं. आता एल-२ चा बंदिस्त एकक गोळा घे. त्यातला बिंदू क्ष, म्हणजे क्ष१, क्ष२, क्ष३ अशी क्रमिका. तिची सगळी पदं एक घर पुढे सरकव आणि रिकाम्या झालेल्या पहिल्या घरात √(१ − क्षच्या लांबीचा वर्ग) ही संख्या ठेव. नव्या क्रमिकेच्या लांबीचा वर्ग काय येतो? पहिल्या घरातून (१ − लांबीचा वर्ग), उरलेल्या घरांतून लांबीचा वर्ग. बेरीज १. म्हणजे गोळ्यातला प्रत्येक बिंदू थेट पृष्ठभागावर जाऊन बसतो.

आता एखादा बिंदू जागचा हलला नाही असं समज. मग तो पृष्ठभागावरचा असणार, म्हणून पहिल्या घरात शून्य. पण पहिलं पद पुढे सरकून दुसरं होतं, म्हणून दुसरंही शून्य, मग तिसरंही, आणि असं सगळंच शून्य. लांबी मात्र १ हवी. जमत नाही. स्थिर बिंदू नाहीच.

पुढचं आणखी मोठं आहे. प्रत्येक बिंदू हलतो, म्हणून नव्या जागेपासून जुन्या जागेतून जाणारा किरण काढता येतो. तो पृष्ठभागाला जिथे भिडेल तिथे मूळ बिंदू नेऊन ठेव. पृष्ठभागावरचे बिंदू जागीच राहतात आणि आतले सगळे पृष्ठभागावर जातात, तेही कुठे न फाटता. मर्यादित मितींत हे अशक्य आहे. यावरून निघतं की अनंतमितीय गोलपृष्ठ एका बिंदूत आक्रसता येतं, त्याला टोपोलॉजीच्या अर्थाने पोकळी नाही. क्ली यांनी १९५३ मध्ये आणखी दाखवलं की एल-२ मधून एक बिंदूच काय, अख्खा कॉम्पॅक्ट संच काढून टाकला तरी उरलेलं पुन्हा एल-२ शीच होमिओमॉर्फिक. बेसागा यांनी १९६६ मध्ये तर एल-२ आणि त्याचं एकक गोलपृष्ठ डिफिओमॉर्फिक (होमिओमॉर्फिक, शिवाय दोन्ही दिशांना डेरिव्हेटिव्ह निघतील असे) असल्याचं सिद्ध केलं. म्हणजे कॅल्क्युलसलाही हा फरक दिसत नाही.

दत्ताराम_फोंडा

मी इंजिनिअर माणूस, निवृत्तीनंतर हौसेने हे वाचतो. घनफळाबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. एकक त्रिज्येच्या गोळ्याचं घनफळ मितीनुसार काढत गेलो तर २, ३.१४, ४.१९, ४.९३, ५.२६ असं वाढतं, पाचव्या मितीला सर्वाधिक होतं आणि मग उतरायला लागतं. सहाव्याला ५.१७, विसाव्या मितीला ०.०२६ च्या आसपास. पुढे शून्याकडे. तेव्हा अनंतमितीय गोळ्याचं घनफळ शून्य म्हणायचं का? की हा प्रश्नच तिथे लागू होत नाही?

नीता_सांखळी

दत्तारामकाका, लागू होत नाही, आणि का होत नाही तेही मुग्धाच्या √२ मधूनच दिसतं. तेच सदिश अर्धे करा. कुठल्याही दोघांतलं अंतर आता √२ भागिले २, म्हणजे ०.७०७. प्रत्येकाभोवती ०.३ त्रिज्येचा छोटा गोळा काढा. हे गोळे एकमेकांना शिवत नाहीत, कारण ०.३ अधिक ०.३ म्हणजे ०.६. आणि ते सगळे एकक गोळ्याच्या आतच बसतात, कारण ०.५ अधिक ०.३ म्हणजे ०.८. एका एकक गोळ्यात अनंत सारखे गोळे मावले. सरकवल्याने घनफळ बदलत नाही असं माप असेल, तर या सगळ्यांचं घनफळ समान. ते शून्याहून थोडं जरी मोठं असलं तरी एकक गोळा अनंत होतो. तेव्हा एल-२ वर लेबेग मापाचा, म्हणजे नेहमीच्या घनफळाचा, भाऊबंद मिळत नाही.

पण संभाव्यता संपत नाही. मी संख्याशास्त्राची, म्हणून मला हाच भाग सर्वांत जवळचा वाटतो. प्रत्येक घरात स्वतंत्रपणे विचलन १ असलेली नॉर्मल संख्या टाकत गेलात, तर वर्गांची बेरीज अनंताकडे जाते आणि मिळालेली क्रमिका एल-२ च्या बाहेर पडते. त्याऐवजी घरागणिक व्हेरियन्स असे घटवत न्या की त्यांची बेरीज सांत राहील. मग ती क्रमिका एल-२ मध्येच राहते आणि त्यावर छान गाउसियन माप मिळतं. अवधूतसर म्हणतात तो हरवलेला कॉम्पॅक्टपणा इथे कोव्हेरियन्स ऑपरेटरमध्ये (कुठल्या दिशेला किती पसारा आहे ते सांगणाऱ्या रेषीय फंक्शनमध्ये) परत येतो. अवकाश कॉम्पॅक्ट नाही, पण ऑपरेटर आहे: तो एकक गोळ्याला कॉम्पॅक्ट संचाच्या आत नेतो.

आणि इथे गोव्याचा माणूस येतो. दामोदर धर्मानंद कोसंबी.

मडगावचा_वाचक

कोसंबी म्हणजे इतिहासवाले ना? बौद्ध विद्वान धर्मानंद कोसंबींचे चिरंजीव? त्यांचा या विषयाशी संबंध असेल हे ठाऊक नव्हतं. नीताताई, जरा सविस्तर लिहाल का?

नीता_सांखळी

तेच. १९०७ मध्ये गोव्यात जन्म, शिक्षण हार्वर्डला, पुढे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक आणि नंतर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. इतिहासकार म्हणून महाराष्ट्र-गोव्यात त्यांचं नाव घरोघरी आहे, पण पेशाने ते गणिती होते. १९४३ मध्ये जर्नल ऑफ द इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीत त्यांचा फंक्शन-अवकाशातल्या संख्याशास्त्रावरचा लेख आला. यादृच्छिक फंक्शनला परस्परांना लंब असलेल्या फंक्शनांच्या मालिकेत असं उलगडायचं, की गुणक एकमेकांशी असंबद्ध राहतील, ही त्यातली कल्पना. चाळीसच्या दशकाच्या उत्तरार्धात कारुनेन आणि लोएव्ह यांनी स्वतंत्रपणे तेच मांडलं आणि जगभर त्या दोघांच्या नावाने ते रुजलं. आता अनेक ठिकाणी कोसंबी-कारुनेन-लोएव्ह असं तिन्ही नावांनी लिहितात. आपल्या वर्गांत ते याच नावाने शिकवावं असा माझा आग्रह आहे.

काम कसं चालतं ते पावसावरून सांगते. जून ते सप्टेंबर हे १२२ दिवस. गोव्यात या काळात सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण दरवर्षी त्याची चाल वेगळी. एका वर्षाचा पाऊस म्हणजे एक वक्र, आणि एक वक्र म्हणजे अनंतमितीय अवकाशातला एक बिंदू. अनेक वर्षांचे वक्र घेतले की बिंदूंचा ढग तयार होतो. आधी सरासरी वक्र वजा करायचा. मग हा ढग कुठल्या दिशेला सर्वांत जास्त पसरलाय ते शोधायचं, मग तिला लंब असलेल्यांत दुसरी, मग तिसरी. पहिली दिशा बहुधा एकूण पाऊस जास्त की कमी हे सांगेल, दुसरी पाऊस लवकर धरला की उशिरा हे. या दिशा म्हणजे कोव्हेरियन्स ऑपरेटरची आयगेनफंक्शनं, आणि पसारा म्हणजे आयगेनमूल्यं. ऑपरेटर कॉम्पॅक्ट असल्यामुळे आयगेनमूल्यं शून्याकडे जातात. म्हणून अनंत मितींतला ढग मोजक्या दिशांत पकडता येतो. कॉम्पॅक्टपणा नसता तर कितीही दिशा घेतल्या तरी पसारा तेवढाच उरला असता.

मडगावचा_वाचक

देव बरें करूं, नीताताई. कोसंबींचा हा पैलू शाळा-कॉलेजात कुणीच सांगितला नव्हता.

शेणवी_काणकोण

अवधूतबाबांच्या शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर अजून कुणी पुरतं दिलेलं नाही, तेव्हा प्रयत्न करतो. फरक उरतो तो एकक गोळ्याच्या आकारात.

सी-शून्य हा अवकाश घ्या: शून्याकडे जाणाऱ्या क्रमिका, नॉर्म म्हणजे सर्वांत मोठ्या पदाचं केवल मूल्य. याच्या गोळ्याला एकही टोक नाही, म्हणजे गोळ्यातल्या दोन वेगळ्या बिंदूंच्या मध्ये कधीच न येणारा असा बिंदू नाही. गोळ्यातली कुठलीही क्रमिका शून्याकडे जाते, म्हणून कुठेतरी पद अर्ध्याहून लहान असणारच. ते पद पाव अंशाने वाढवा, मग पाव अंशाने घटवा. दोन्ही क्रमिका गोळ्यातच राहतात आणि मूळची त्यांच्या बरोबर मध्ये येते. म्हणजे ती टोक नव्हे. क्राइन आणि मिलमन यांच्या १९४० च्या प्रमेयाशी आणि अलाओग्लूच्या प्रमेयाशी हे ताडून बघितलं की लगेच निष्कर्ष निघतो: सी-शून्य हा कुठल्याही बानाख अवकाशाचा ड्युअल (त्यावरच्या संतत रेषीय फंक्शनलांचा, म्हणजे संख्या देणाऱ्या फंक्शनांचा अवकाश) असू शकत नाही, कारण ती दोन्ही मिळून सांगतात की ड्युअलच्या गोळ्याला टोकं असतातच. एका साध्या आकारावरून केवढी मोठी गोष्ट कळते बघा. उलट एल-२ च्या गोळ्याच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक बिंदू टोक आहे.

पुढे, क्लार्कसन यांनी १९३६ मध्ये एकसमान कॉन्व्हेक्सपणा आणला: पृष्ठभागावरचे दोन बिंदू एकमेकांपासून दूर असतील तर त्यांचा मध्य निश्चित अंतराने आत गेलाच पाहिजे. ही अट पाळणारा बानाख अवकाश रिफ्लेक्सिव्ह असतो, म्हणजे ड्युअलचा ड्युअल घेतला की तोच परत मिळतो. इथे आकार रचनेला बांधून ठेवतो. एल-१ असा नाही, सी-शून्यही नाही, आणि टोपोलॉजी मात्र तिघांनाही एकच समजते.

सर्वांत धक्कादायक मला गावर्स यांचं काम वाटतं. अनंतातून एक मिती वजा केली तरी अनंतच, तेव्हा अवकाश आणि त्याचा हायपरप्लेन (एक मिती कमी असलेला बंदिस्त उपअवकाश) रेषीय अर्थानेही सारखेच असतील असं कुणालाही वाटेल. बानाख यांनीच हा प्रश्न विचारला होता. गावर्स यांनी नव्वदच्या दशकात असा बानाख अवकाश बांधून दाखवला जो आपल्या कुठल्याही हायपरप्लेनशी रेषीय अर्थाने जुळत नाही. बर्नार मोरे यांच्याबरोबर १९९३ मध्ये त्यांनी असा अवकाश दिला की त्याच्या कुठल्याच अनंतमितीय बंदिस्त उपअवकाशाचे दोन अनंतमितीय बंदिस्त तुकडे पाडता येत नाहीत. १९९८ चं फील्ड्स पदक त्यांना मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा आहे.

आणि तरीही ड्वोरेत्स्कींचं १९६१ चं प्रमेय सांगतं की असल्या विचित्र अवकाशातही, तुम्ही म्हणाल तितक्या सांत मितींचा एक छेद असा सापडतोच जो जवळजवळ गोल आहे. मला तरी या विषयातलं सर्वांत देखणं प्रमेय हेच वाटतं.

म्हापशाची_मुग्धा

शेणवीकाका, असे अवकाश असतील तर निदान प्रत्येक सेपरेबल अवकाशाला शाउडर बेसिस तरी असतो का? म्हणजे प्रत्येक सदिश ठरावीक सदिशांच्या अनंत मालिकेत एकाच पद्धतीने लिहिता येतो का?

शेणवी_काणकोण

नसतो, मुग्धा. बानाख यांच्या १९३२ च्या ग्रंथातलाच हा प्रश्न. लव्होव शहरात गणिती एका कॅफेत बसून प्रश्न वहीत लिहीत, तिला स्कॉटिश बुक म्हणतात. त्यात माझुर यांनी १९३६ मध्ये १५३ क्रमांकाचा प्रश्न लिहिला आणि बक्षीस ठेवलं जिवंत हंस. तो प्रश्न याच गोष्टीशी बांधलेला निघाला. स्वीडनचे पेर एन्फ्लो यांनी १९७२ मध्ये बेसिस नसलेला सेपरेबल अवकाश बांधला, आणि माझुर यांनी वॉर्सात त्यांना खरोखर हंस दिला.

अवधूत_ताळगाव

शेणवीसाहेब, फार छान लिहिलंत. एकाच बाबतीत भर घालतो. टोपोलॉजी फरक करत नाही असं मी म्हणालो ते नॉर्मच्या टोपोलॉजीबद्दल. दुर्बल टोपोलॉजीची गोष्ट वेगळी. तिथे क्रमिका अभिसरण पावते म्हणजे प्रत्येक संतत रेषीय फंक्शनलने मोजल्यावर अभिसरण पावते. एल-२ मधले मुग्धाचे सदिश दुर्बल अर्थाने शून्याकडे जातात, जरी प्रत्येकाची लांबी १ असली तरी. म्हणजे गोलपृष्ठावरून चालत चालत तुम्ही थेट केंद्रात पोचता. गोलपृष्ठाचं दुर्बल क्लोजर म्हणजे अख्खा गोळा. एल-१ मध्ये मात्र असं होत नाही. शूर यांचा निकाल सांगतो की तिथे दुर्बल अभिसरण पावणारी क्रमिका नॉर्मनेही अभिसरण पावते. वर माझुरच्या वर्गमुळाने आपण या दोघांना एक केलं होतं, इथे ते पुन्हा वेगळे झाले.

आणि कॉम्पॅक्टपणाही इथे परत मिळतो. अलाओग्लू यांचं १९४० चं प्रमेय: ड्युअल अवकाशाचा बंदिस्त एकक गोळा दुर्बल-तारा टोपोलॉजीत (जिथे फंक्शनलं मूळ अवकाशाच्या एकेका सदिशावर मोजून बघतात) कॉम्पॅक्ट असतो. आंशिक विकलक समीकरणांची उत्तरं अस्तित्वात आहेत हे दाखवताना माणसं रोज याच्याच आधारावर उपक्रमिका काढतात.

दत्ताराम_फोंडा

मग नॉर्मच्याच टोपोलॉजीत एल-२ मध्ये कॉम्पॅक्ट असतं तरी काय? नुसते सांत मितींचे तुकडे?

अवधूत_ताळगाव

नाही काका, त्याहून बरंच जास्त. संच बंदिस्त असावा, मर्यादित असावा, आणि शेपट्या एकसाथ लहान होत जाव्यात. म्हणजे ठरावीक घराच्या पुढच्या पदांच्या वर्गांची बेरीज संचातल्या सगळ्या क्रमिकांसाठी एकदमच हवी तितकी लहान करता यावी. नमुना म्हणजे हिल्बर्ट घन: पहिलं पद −१ ते १ मध्ये, दुसरं −१/२ ते १/२ मध्ये, तिसरं −१/३ ते १/३ मध्ये, असं पुढे. १/न च्या वर्गांची बेरीज सांत आहे, म्हणून शेपट्या आपोआप दबतात. तो अनंतमितीय आहे, कॉम्पॅक्ट आहे, पण त्याच्या आत कितीही छोटा गोळा बसवायला गेलात तरी बसत नाही.

केलर यांनी १९३१ मध्ये त्याबद्दल दोन गोष्टी सिद्ध केल्या. एल-२ मधला कुठलाही अनंतमितीय कॉम्पॅक्ट कॉन्व्हेक्स संच या घनाशी होमिओमॉर्फिक असतो. आणि घनातला कुठलाही बिंदू कुठल्याही दुसऱ्या बिंदूवर नेणारा, अख्ख्या घनाचा स्वतःशीच होमिओमॉर्फिझम असतो. तुमच्या नेहमीच्या ठोकळ्यात कोपरा आणि मध्य यांची अशी अदलाबदल होत नाही. हिल्बर्ट घनाला टोपोलॉजीच्या दृष्टीने कोपरा नाही, कडा नाही, मध्यही नाही. पुढच्या बैठकीत केलरची सिद्धता घ्यायची आहे. पाटोवरच्या मध्यवर्ती ग्रंथालयात जमतो, ज्यांना यायचंय त्यांनी इथेच कळवावं.

म्हापशाची_मुग्धा

सर, मी येते. येण्याआधी दोन घरांच्या चौकोनावर आणि तीन घरांच्या ठोकळ्यावर कोपरा का हलत नाही ते लिहून आणते, म्हणजे अनंत घरांत ती अडचण नेमकी कुठे सुटते ते बघता येईल.

अवधूत_ताळगाव

जरूर आण. चौकोनातल्या आतल्या बिंदूभोवतीची छोटी चकती घे आणि तो बिंदू काढून टाक, उरलेल्याला भोक पडतं. कोपऱ्याजवळ तसं पडत नाही. मग हेच घनात करून बघ. मघाशी गोलपृष्ठ आक्रसलं ते तिथे उपयोगी पडेल.